फक्त पुढे जाणारं वर्तुळ

अवनी मगदूमने ते वर्तुळ बनवायला अकरा दिवस घेतले होते आणि मनातून तिला त्याचा फार अभिमान होता.

मोबाइलच्या पडद्यावर काम किती झालं, किती उरलं हे दाखवणारं गोल चिन्ह खरं तर आयतं मिळतं. दोन ओळी लिहिल्या की फिरायला लागतं. पण अवनीला आयतं नको होतं. तिने सगळं स्वतः काढलं. आधी फिकट राखाडी रंगाची पूर्ण कडा, तिच्यावर चढत जाणारा जाड नारिंगी कंस आणि मधोमध आकडा. गणितात वर्तुळ मोजायला घड्याळातल्या तीनच्या जागेपासून सुरुवात होते, माणसाचा डोळा मात्र बारापासून मोजतो. म्हणून तिने सुरुवात नव्वद अंश मागे नेली. कंसाचं टोक सपाट ठेवलं तर तुटल्यासारखं दिसायचं, म्हणून ते गोलसर केलं. नवा आकडा आला की कंस झपकन निघायचा आणि शेवटी हळू होत अलगद टेकायचा, पाऊण सेकंदात. ऑफिसातल्या प्रत्येकाने तो उगाचच पाच-सहा वेळा चालवून बघितला होता.

ते मोजणार होतं ती गोष्ट मात्र उगाच नव्हती. ते माणसाच्या हातात वाढत जाणारी नस मोजणार होतं.

तुटलेला चेतातंतू पुन्हा वाढतो हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत आहे. पण वाढतो तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. कोपराशी तुटला तर बोटाच्या टोकापर्यंत पोचायला वर्ष उलटतं, आणि तोवर हाताचे स्नायू वाट बघून बघून सुकून जातात. मिरजेच्या एका इस्पितळात डॉ. नसरीन मुजावर यांनी यावर तोड काढली होती. रेशमातल्या प्रथिनापासून विणलेली, शेवईएवढी बारीक नळी तुटलेल्या दोन टोकांच्या मधे त्या बसवायच्या. नळीतून वाढीचं औषध सावकाश पाझरायचं आणि नस तिप्पट वेगाने, दिवसाला तीन मिलिमीटर वाढायची. काम झालं की काही महिन्यांनी नळी शरीरातच विरघळून जायची.

नस कुठवर आली हे कळण्यासाठी पेशंटच्या हाताला एक कापडी पट्टा बांधलेला असे. रोज सकाळी सहा वाजता तो नळीतून विजेचा बारीकसा ठोका सोडायचा, जाणवणारही नाही एवढा, आणि तो हातात कुठवर पोचतोय याचा कानोसा घ्यायचा. अंधाऱ्या विहिरीत खडा टाकून पाणी किती खोल आहे ते ओळखावं, तसा हा प्रकार. म्हणजे अंदाजच. दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे व्हायचेच. तो आकडा पेशंटच्या फोनवर यायचा आणि अवनीचं वर्तुळ तेवढं भरायचं.

वर्तुळ दाखवायला ती विक्रांत शिरगावेकडे गेली. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या चौदा माणसांच्या या कंपनीचा तो मालक. त्याने वर्तुळाचं तोंडभरून कौतुक केलं आणि मग म्हणाला, "एक अडचण आहे. पहिल्या तीस पेशंटांना आपण नुसता आकडा दाखवत होतो. तो कधी कधी मागे जायचा. नस काही मागे जात नाही, मोजण्यातला फरक असतो. पण माणसं खचली. अकरा जणांनी हाताचा रोजचा व्यायाम सोडला. व्यायाम सुटला की स्नायू गेले, मग नस पोचून उपयोग काय?"

"मग काय करायचं सर?"

"वर्तुळ मागे गेलं नाही पाहिजे. थांबलंही नाही पाहिजे. रोज थोडं तरी पुढे."

अवनीला ते पटलं. तिने नियम लिहिला: आजचा आकडा कालच्याइतकाच किंवा कमी आला तर तो दाखवायचा नाही, गेल्या सात दिवसांत वर्तुळ सरासरी जेवढं सरकलं, तेवढं आजही सरकवायचं. एखाद्या दिवसाचा खड्डा बुजवायचा, एवढाच हेतू. सगळ्या मिळून सहा ओळी. टेबलावरचा चहा निवायच्या आत लिहून झाल्या.

नवं अ‍ॅप त्रेचाळीस पेशंटांना दिलं गेलं. तीन महिन्यांत एकानेही व्यायाम सोडला नाही. विक्रांत खूश झाला आणि त्याने अवनीला एका छोट्या व्हिडिओसाठी हुपरीला पाठवलं. यादीत सगळ्यांत सरळ, सुरेख चढत गेलेलं वर्तुळ तिथल्या इंदुमती चौगुले यांचं होतं.

हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घरोघरी पैंजणं, कमरपट्टे, जोडवी बनतात. इंदुमतीचं वय त्रेपन्न, आणि त्यातली तीस वर्षं तिने पैंजणांच्या कड्या जोडण्यात घालवली होती. जुलैमध्ये खिडकीची काच निखळून तिच्या उजव्या हातावर पडली. कोपराखाली नस तुटली आणि अंगठा व त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर झाली.

अवनी पोचली तेव्हा इंदुमतीचे यजमान बाबासो दारातच उभे होते. हातात बायकोचा फोन.

"आलासा? या, या! सत्तर झालं आज. सकाळी सहाला उठून बघितलं मी." त्यांनी वर्तुळ अवनीच्या डोळ्यांसमोर धरलं. "सगळ्या गल्लीला ठावं हाय. दूधवाला सुद्धा इचारतोय, आज कितीवर आलं म्हणून."

इंदुमती आतल्या खोलीत बैठ्या लाकडी पाटापाशी बसली होती. पाटावर चांदीच्या कड्यांचा छोटा ढीग आणि एक चिमटा. अवनीने कॅमेरा लावला तसे बाबासो उत्साहाने म्हणाले, "एक कडी उचलून दाखव त्यांना."

इंदुमतीने चिमटा धरला. तो निसटला. पुन्हा धरला, कडीपर्यंत नेला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तिने डाव्या हाताने उजवी बोटं चिमट्याभोवती दाबून बसवली, तरी कडी घरंगळून पाटाखाली गेली.

"मनावरच घेत न्हाई बघा ही," बाबासो अवनीला म्हणाले. रागाने नव्हे, काकुळतीने. "सत्तर म्हंजे नस तळहातात आली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दिलंय. तरी अजून साधा कप धरंना. काय म्हणावं?"

अवनीने कॅमेरा बंद केला. बाबासो चहा सांगायला बाहेर गेले, तेव्हा इंदुमतीने हळूच विचारलं, "हे गोल तुम्हीच केलंय न्हवं?"

"हो काकू."

"देखणं हाय. पण एक इचारू? रागवायचं न्हाई."

तिने उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि डाव्या हाताच्या बोटाने त्यावर टिचक्या मारत कोपरापासून खाली येऊ लागली. "डॉक्टरीणबाईंनी सुरवातीलाच सांगितलेलं. नसंचं नवं टोक जिथं असतंय, तिथं टिचकी मारली की झिणझिण्या येतात. आधी हितं यायच्या. मग रोज जरा जरा खाली. मला लई मजा वाटायची. गणपतीत मनगटापाशी आल्या." तिचं बोट मनगटाच्या वळीवर थांबलं. "अनंत चतुर्दशीपासनं हितंच हायत. आज सतरा दिवस झालं. पुढं काय मारलं तरी सगळं मुकं."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"ह्यांना सांगितलं. म्हणाले, यंत्र खोटं बोलंल व्हय? मलाबी वाटलं, माझंच कायतरी चुकतंय. यंत्राला आतलं दिसतंय. मला काय दिसतंय?"

अवनीने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि पट्ट्याने पाठवलेले मूळ आकडे उघडले. ते बघायची तिला कधी गरजच पडली नव्हती. दोनशे मिलिमीटर. एकशे नव्व्याण्णव. दोनशे एक. दोनशे. सतरा सकाळी, सतरा ओळी, सगळ्या दोनशेच्या आसपास. नस तुटली तिथपासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर तीनशे साठ. म्हणजे खरं वर्तुळ पंचावन्नवर उभं होतं.

मग सत्तर आलं कुठून? तिने आपल्याच सहा ओळी वाचल्या आणि तिला कळलं. सरासरी काढायला तिने पट्ट्याचे आकडे घेतलेच नव्हते, वर्तुळावर दाखवलेले आकडे घेतले होते. पहिल्या दिवशी वर्तुळ कालच्या वेगाने सरकलं, दुसऱ्या दिवशी त्या सरकण्याच्या भरवशावर आणखी सरकलं. ते स्वतःचीच थाप खरी मानून पुढे जात राहिलं होतं. नस कायमची थांबली असती तरी ते एक दिवस शंभरावर जाऊन टेकलं असतं, अलगद, पाऊण सेकंदात.

रीतीप्रमाणे आधी विक्रांतला कळवायला हवं होतं. तिने त्याचा नंबर काढलाही. मग समोर बसलेल्या इंदुमतीकडे बघितलं आणि थेट डॉ. मुजावरांना फोन लावला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या यादीतही सत्तरच दिसतंय."

"हो. तुमच्या यादीतही तेच वर्तुळ वापरलंय. माझंच."

"त्यांची तपासणी आणखी दोन आठवड्यांनी होती. चांगलं चाललंय म्हणून मीच लांबची तारीख दिली." डॉक्टरांचा आवाज घाईचा झाला. "मनगटात एक अरुंद बोगदा असतो, नस त्यातून जाते. कधी कधी तिथे अडकते. तीन आठवड्यांहून जास्त थांबली तर कोवळी टोकं जागच्या जागी गुंडाळून गाठ होते. मग केलेलं सगळं पाण्यात. त्यांना आज घेऊन या. उद्या नको, आजच."

चहाचे कप घेऊन आलेल्या बाबासोंना अवनीने सांगितलं तेव्हा ते कप हातात तसेच धरून उभे राहिले.

"पण सत्तर..."

"काका, ते सत्तर मी काढलेलं आहे. नसेने नाही."

बाबासोंनी बायकोकडे बघितलं. मग त्यांनी कप खाली ठेवले, खुंटीवरची तिची शाल काढली आणि तिच्या खांद्यांवर घातली. "चल," एवढंच म्हणाले.

मिरजेला पोचायला दीड तास लागला. संध्याकाळी पाचला इंदुमतीला आत नेलं आणि अर्ध्या तासात बाहेर आणलं. मनगटातला तो घट्ट झालेला बोगदा डॉक्टरांनी मोकळा केला होता. "गाठ धरायला सुरुवात झाली नव्हती," त्या म्हणाल्या. "वेळेत आलात." मग अवनीकडे वळून, "तुमचं वर्तुळ माझ्या यादीतून काढा. मला नुसते आकडे द्या, वेडेवाकडे असले तरी चालतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी अवनी विक्रांतपुढे जाऊन उभी राहिली.

"मला आधी सांगायला पाहिजे होतंस," तो म्हणाला.

"पाहिजे होतं. पण तुम्ही म्हणाला असता, थांब, जरा बघू."

विक्रांतने हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. "म्हणालो असतो," तो म्हणाला. "बाकीच्या बेचाळीस जणांचे आकडे काढ."

दुपारपर्यंत ते निघाले. आणखी दोघांची नस थांबली होती, एकाची नऊ दिवस आणि एकीची सहा. दोघांनाही मिरजेला बोलावून घेतलं. बाकीच्यांची वर्तुळं खऱ्याच्या थोडी थोडी पुढे होती. आता ती एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर मागे जाणार होती, आणि तसा नुसता संदेश पाठवून मोकळं होणं अवनीला बरं वाटेना. तिने एकेकाला स्वतः फोन केले. काही जण हसले, काहींना नीटसं कळलंच नाही. शिरोळचे एक निवृत्त लाइनमन मात्र भडकले. "म्हणजे तीन महिने आम्हाला खेळवलंत?"

"हो," अवनी म्हणाली. "चूक माझी आहे."

त्यांनी पट्टा काढून ठेवला. आठ दिवसांनी आपण होऊन परत बांधला, पण अवनीचा फोन पुन्हा कधी घेतला नाही.

नवं वर्तुळ कसं असावं याचा मात्र तिला उलगडा होईना. खोटं दाखवायचं नाही हे ठरलं. पण खरं दाखवल्यावर अकरा माणसांनी हात टेकले होते, तेही खोटं नव्हतं. चार दिवस ती कंस पुसत आणि काढत बसली. पाचव्या दिवशी उठून हुपरीला गेली आणि इंदुमतीलाच विचारलं.

इंदुमतीच्या मनगटाला अजून पट्टी होती. तिने जरा विचार केला. "खरं सांगायचं की. थांबली तर थांबली म्हणायचं. आम्ही काय लहान हाय? पण माझंबी ऐकून घ्या त्यात. यंत्रच सगळं बोलतंय, मी नुसतं बघायचं. त्यानंच जीव जातोय."

परतीच्या एसटीत अवनीने वहीत वर्तुळ काढलं, आणि या खेपेला ते अकरा दिवसांत नाही, दोन दिवसांत तयार झालं. कंसाचं गोलसर टोक तिने काढून टाकलं. त्याऐवजी कंस शेवटाकडे फिका होत जायचा, ओल्या कुंचल्याचा रंग कागदावर विरत जावा तसा. अंदाज जितका कच्चा, तितका तो विरत जाणारा भाग लांब. नस थांबली की कंस थांबायचा, आकडा मागे आला की मागे यायचा. व्यायामाचं मोजमाप तिने वेगळं केलं; रोजच्या व्यायामाची एक बारीक रेघ बाहेरच्या कडेला उमटायची, नस हलो वा न हलो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पेशंटने सकाळी टिचक्या मारून झिणझिण्या कुठे येतात ते बघायचं आणि पडद्यावरच्या हाताच्या चित्रावर तिथे बोट टेकवायचं. तेवढ्यावर वर्तुळात एक निळा ठिपका पडायचा. पट्ट्याचं म्हणणं नारिंगी, माणसाचं म्हणणं निळं. दोघांत फार अंतर पडलं की डॉक्टरांच्या फोनवर घंटा वाजायची.

"दिसायला पहिल्याएवढं छान नाही," विक्रांत म्हणाला.

"नाही," अवनी म्हणाली, आणि तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

पुढल्या पन्नास पेशंटांत चौघांनी व्यायाम सोडला. शून्य नव्हे, पण अकराही नव्हेत. डॉ. मुजावर म्हणाल्या की निळ्या ठिपक्याने त्यांना दोनदा पट्ट्याच्या आधी सावध केलं.

हुपरीला दिवाळीनंतर अवनी पुन्हा एकदा गेली, मुद्दाम सकाळी. बाबासो आणि इंदुमती ओसरीवर समोरासमोर बसले होते. तिचा हात बाबासोंच्या मांडीवर होता आणि ते चष्मा लावून, एखादा बारीक नग तपासावा तशा काळजीने, तळहातावर टिचक्या मारत होते.

"हितं?"

"न्हाई. खाली."

"हितं?"

"जरा अंगठ्याकडं. हां, हितं! अहो, हळू की."

"काल कुठं होतं?"

"काल ह्या रेघंवर."

"म्हंजे तांदळाएवढं सरकलं," बाबासो म्हणाले आणि चित्रावर बोट टेकवायला तिच्याकडे फोन दिला. मग अवनी दिसली तसे थोडे ओशाळले. "रोजचं झालंय आमचं. दहा-पंधरा मिनटं जात्यात. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण हिचा हात एवढा कधी बघितला नव्हता मी."

"बघायला सवड कुठं होती?" इंदुमती म्हणाली, पण हात तिने तिथेच राहू दिला.

फेब्रुवारीत एका सकाळी अवनीच्या पडद्यावर इंदुमतीचं वर्तुळ राखाडी झालेलं दिसलं. आठवडाभर ना नारिंगी, ना निळं. शेवटचा आकडा चौऱ्याण्णव. अवनीने घाबरून फोन लावला.

"काकू, तुमचं वर्तुळच दिसत नाही मला. पट्टा बिघडला का?"

"पट्टा? तो गेल्या सोमवारी डॉक्टरीणबाईंना देऊन आले की. आतली नळी इरघळली म्हणाल्या. आणि ते अ‍ॅप काढून टाकलं मी. फोनमधे जागाच न्हाई. नात रांगायला लागली, सून रोज चार-चार व्हिडिओ धाडती."

"पण चौऱ्याण्णवच झालं होतं."

"असू दे की. मधल्या बोटाचं टोक जरा मुकं हाय. त्यानं काय अडतंय माझं?"

कंपनीच्या सोमवारच्या बैठकीत याची नोंद 'एक वापरकर्ता कमी' अशी होणार होती. अवनीला हसू आलं. "आता काय चाललंय मग?"

"पैंजणं. लग्नसराई न्हाई का आली! चार गिऱ्हाइकं दारात बसल्यात. एका हातात चिमटा, एका हातात गॅसची बत्ती, फोन खांद्यावर. कडी तापलीय, नुसतं टोक जुळवायचं... आई गं!"

काही तरी खणकन खाली पडलं.

"काकू! काय झालं?"

पलीकडून उत्तर आलं नाही. मग एक आवाज आला. रडणं असावं असं अवनीला वाटलं, पण ते हसणं होतं. लांबून बाबासोंचा आवाज आला, "काय गं? काय पडलं?"

"चटका बसला!" इंदुमती ओरडून म्हणाली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्याने. "अहो, ऐकलंसा का? चटका बसला मला! अंगठ्याला!"

"खरंच? बघू, बघू!"

"या की. बघा, कसा लाल झालाय!"

धावत येणारी पावलं, दारात बसलेल्या गिऱ्हाइकांचं हसणं, कुणी तरी पाणी आणा म्हणून केलेला गलका. फोन बंद करायचं भान तिकडे कुणालाच उरलं नव्हतं. अवनीनेही तो बंद केला नाही.